खिडकीजवळ बसलेली माती

प्रवासवर्णनाआधी एक निषेध नोंदवून घ्यावा, ही नम्र विनंती. सत्तावीस वर्षांच्या संसारात गाडीतली खिडकीची जागा मी अनेकांना सोडली. सासूबाईंना सोडली, दर घाटात तोंड पांढरं करणाऱ्या भाच्याला सोडली, एकदा तर नणंदेच्या रुखवतातल्या थर्माकोलच्या सप्तशृंगगडालाही सोडली. पण पाच किलो मातीसाठी मला मधल्या उंचवट्यावर, गुडघे हनुवटीला लावून बसवलं गेलं, ते गेल्या सप्टेंबरअखेर, तापीकाठच्या आमच्या सासरच्या गावी. मातीला सीटबेल्टसुद्धा लावला होता. मला नव्हता.

"डिक्कीत ठेवू या की," मी म्हटलं.

"तिले सांग," पुढच्या सीटवरून नाना म्हणाले, "डिक्कीमा नको. डिझेलना वास लागी जाई."

हे 'तिले' म्हणजे मी. नाना माझे मोठे दीर, वय अडुसष्ट. आमच्याकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नसतं. त्यामुळे मी हाताच्या अंतरावर बसलेली असतानाही नानांचा निरोप अक्कांमार्फत येतो. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी जाऊ. बहुतेक वेळा त्या निरोप पोचवायचे कष्टही घेत नाहीत, कारण तो मी ऐकलेला असतो.

आता मूळ हकीगत. नानांचं नदीच्या बाजूचं दोन एकराचं वावर तीन पिढ्यांचं मिरचीचं. घरातल्या प्रत्येक सासुरवाशिणीला वर्षाचं तिखट त्याच वावरातून जायचं. गेली तीन वर्षं मात्र ऐन फुलात आलेली झाडं माना टाकायची. आज दहा, उद्या पन्नास, आठवड्यात वाफेच्या वाफे. सुरतेला नोकरी करणारा मुलगा दर रविवारी फोनवर म्हणायचा, "नाना, कोनले तरी ठोक्यावर दी टाका आनि इकडे या." म्हणजे वर्षाची ठरावीक रक्कम घ्या, वावर दुसऱ्याच्या हाती द्या आणि सातव्या मजल्यावर येऊन बसा. शेवटी नानांनी शब्द दिला: कृषी संशोधन केंद्रात शेतकऱ्यांना पिकं दाखवतात त्या शिवारफेरीच्या दिवशी माती तपासायची. माती चांगली निघाली तर वावर राहील. खराब निघाली तर जाईल.

नवऱ्याने, म्हणजे विलासने, नाशिकला जेवताना हे सांगितलं आणि पुढे म्हणाला, "आपण जायला हवं." मी सुट्टी टाकली. कबूल करते, मनात सहलच होती.

जाणाऱ्यांसाठी: आम्ही नाशिकहून सटाणा, साक्री, नंदुरबार असे गेलो. चहा-नाश्त्यासकट सहा तास लागतात. रस्ता बराचसा चांगला आहे. जिथे नाही तिथे तसं सांगायला पाटी लागत नाही. नंदुरबारच्या बाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्या लागतात. हिवाळ्यात ही सगळी मैदानं लाल असतात आणि गाडीच्या काचा बंद ठेवूनही सगळं कुटुंब एका सुरात शिंकतं. आम्ही गेलो तेव्हा हंगाम सुरू व्हायचा होता, मैदानं मोकळी होती. शुक्रवारी रात्री गावी मुक्काम, शनिवारी शिवारफेरी, रविवारी परत.

शनिवारी सकाळी आठला निघालो. अक्कांनी पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, सोबत लसणाची चटणी. माझ्या नाशिकहून नेलेल्या निळ्या झाकणाच्या डब्यात अक्कांना त्या भरताना मी पाहिलं होतं. हा डबा मी पुढे पुन्हा काढणार आहे, लक्षात असू द्या.

वाटेत नानांनी मातीची जन्मकथा सांगितली. सावलीत वाळवली होती. ढेकळं हाताने फोडली होती. मग अक्कांच्या पिठाच्या चाळणीने चाळली होती. मागितली होती अर्धा किलो, नेली पाच किलो, कारण देणाऱ्याने हात आखडता घेऊ नये. पिशवीतून ती माती अशी दिसत होती की चमच्याने खावी.

"कुठल्या भागातली घेतली?" विलासने विचारलं.

"वावरनीच शे," नाना म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. अक्का माझ्या शेजारी पदराचा काठ दुमडत होत्या, उलगडत होत्या.

केंद्राच्या दारात कमान, कमानीवर फुगे, आत मंडप. प्रवेश फुकट, गाडी लावायची जागा भरपूर, पिण्याचं पाणी गार. दाराशीच सेल्फी काढायची जागा होती आणि तिथे प्लास्टिकची सूर्यफुलं लावली होती. मागे शंभर पावलांवर खऱ्या सूर्यफुलांचा अख्खा तुकडा फुललेला होता, पण तो बिचारा उन्हाकडे तोंड करून उभा, कॅमेऱ्याकडे नाही. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि वेळेचं नियोजन या विषयावर बोलले. फवारणीच्या ड्रोनचं प्रात्यक्षिक झालं. वाऱ्याने दिशा बदलली आणि पहिल्या रांगेतल्या मान्यवरांना समप्रमाणात पाणी मिळालं. नुसतं पाणी होतं, काळजी नसावी.

माझ्या जिभेला एवढं खाद्य पुरे. कारण मंडपाच्या बाहेर पडलं की खरी जागा सुरू होते, आणि तिथे मला टोमणा सुचला नाही. पिकांचे लहान लहान तुकडे, प्रत्येकासमोर पाटी, आणि प्रत्येक पाटीशेजारी ते पीक स्वतः वाढवलेला माणूस उभा. एक तरुण गडी ठिबकच्या नळीचं भोक सुईने साफ करून दाखवत होता. पन्नासदा दाखवून झालं असेल, तरी एक्कावन्नाव्या म्हातारबाबाला तो तितक्याच चवीने सांगत होता, "बाबा, तुम्ही करून बघा ना. मोडली तर मोडली." सातपुड्यातून जीप भरून आलेल्या बायका वांग्याच्या वाफ्यात शिरून पानांच्या खालच्या बाजू बघत होत्या. पाटी कुणी वाचत नव्हतं, सगळे पान वाचत होते. टोपी न्या, पायात बूट घाला, आणि भाषणं चुकवून थेट वाफ्यांकडे जा, एवढाच माझा सल्ला.

माती तपासणीच्या टेबलाशी लांब रांग होती. टेबलामागे पंचविशीतली एक मॅडम, नखांत माती. नानांनी पिशवी अशी ठेवली, जशी मुलगी दाखवायला बाहेर आणतात.

मॅडमनी चिमूटभर माती बोटांत चुरली, नाकाशी नेली आणि नानांकडे पाहिलं. "काका, कुठून घेतली?"

"वावरमाईन."

"झाडाखालून? की उकिरड्याजवळून?"

"वावरमाईन," नाना म्हणाले. खोटं नव्हतंच ते. झाड आणि उकिरडा, दोन्ही वावरातच होते.

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "सेंद्रिय कर्ब, म्हणजे कस, भरपूर निघणार हिच्यात," एवढं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली. नानांनी चिठ्ठी कोपरीच्या आतल्या खिशात ठेवली. त्यांची चाल बदलली. मला ऐकू जाईल अशा बेताने ते अक्कांना म्हणाले, "सुरतले फोन करी दे. माटी भारी शे म्हना."

अक्कांनी फोन पिशवीतच राहू दिला.

दुपारी एकला आम्ही लिंबाखाली सतरंजी टाकली. मी डबा काढला, निळं झाकण उघडलं.

डब्यात माती होती.

काळी, ओलसर, ढेकळांची, न चाळलेली. आणि तिच्यावर मुळासकट उपटलेलं मिरचीचं एक झाड, दुमडून कोंबलेलं. पानं लोंबलेली.

आता मी कशी आहे ते सांगायलाच हवं. पोटात कावळे ओरडत होते, सकाळपासून गुडघे हनुवटीला होते, आणि तो डबा मी खास आणलेला होता. मी म्हटलं, "वा! अक्का, दशम्या फारच करपलेल्या दिसतात." आणि वर, "या घरात माणसापेक्षा मातीचा मान मोठा, हे आम्हाला आधी सांगायचं होतं."

अक्कांचा चेहरा पाहिला आणि जीभ आवरायला उशीर झाला हे कळलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या नानांकडे बघत होत्या.

"दशम्या वट्टावर राहिन्यात," त्या हळू म्हणाल्या. "फडकामा. डबा पाहिजे व्हता माले."

"हाई कोठली माटी?" नानांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"झाडं मरतस तठली." मग अक्का बोलत गेल्या, सत्तावीस वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. "तुम्ही पयसखालनी लयनात. पेरनीना येळे मी जठे नारय फोडस, तठली. माले ठाऊक शे. मन्हा डोयासमोर चाळी तुम्ही. मन्ही चाळनी."

म्हणजे वावराच्या कोपऱ्यातला पळस. तिथे दरवर्षी पेरणीची पूजा होते, तिथेच शेणखताचा ढीग असतो, आणि तिथे एकही मिरचीचं झाड कधी लावलेलं नाही.

"पाहुनाले कोनी फाटेल गोधडी दखाडस का?" नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता.

"डागदरकडे जातस तं कोनी पावडर लाई जास का?" अक्का म्हणाल्या.

नाना उठले. "भूक नही माले," म्हणाले आणि सूर्यफुलांच्या दिशेने चालत सुटले. विलास त्यांच्यामागे गेला. सतरंजीवर आम्ही दोघी जावा आणि मधे एक डबा.

त्या वेळी मला उशिरा का होईना, समजलं. नाना लबाड नव्हते. तीन पिढ्यांच्या वावराला परक्या माणसासमोर नापास होताना त्यांना बघवणार नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला न्हाऊमाखू घालून, पावडर लावून आणलं. आणि अक्कांना ठाऊक होतं की खोट्या चिठ्ठीवर वावर राहिलं, तर पुढच्या सप्टेंबरात झाडं पुन्हा मरतील, आणि मग मात्र ते जाईलच. त्यांनी डबा इथवर आणला होता. रांगेत तो काढायचा धीर तेवढा झाला नव्हता.

"ओ बाई," शेजारच्या लिंबाखालून हाक आली. जीपमधून आलेल्या बायकांपैकी एक, साठीच्या आसपासची, कपाळावर गोंदण. "माती खाणार काय? इकडे या."

जीपमधल्या सगळ्या बायका हसल्या. आम्हीही. तिचं नाव मोगीबाई, सातपुड्यातल्या काठी गावच्या वरच्या पाड्यावरची. आपसात त्या त्यांच्या बोलीत बोलत होत्या, आमच्याशी तुटक मराठीत. ज्वारीची भाकरी, उडदाची दाट डाळ, अंबाडीची चटणी. तिने भाकरी मोडून अर्धी अक्कांच्या हातावर ठेवली आणि डब्यातलं ते झाड उचलून नीट पाहिलं.

"हे आणलं ते बरं केलं," ती म्हणाली. "आजारी माणूस घरी ठेवून दवाखान्यात कोण जातं?"

अक्कांनी अर्धी भाकरी पूर्ण खाल्ली. पाणी प्यायल्या. मग पदर खोचला, डबा उचलला आणि म्हणाल्या, "चाल."

मी रांगेत त्यांच्या मागे उभी राहिले. टोमण्यांचं कोठार असलेल्या माझ्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही, याची विशेष नोंद घ्यावी.

मॅडमनी या वेळी मातीला हातही लावला नाही. त्यांनी आधी झाड उचललं, मुळं झटकली, खिशातून ब्लेड काढून खोड उभं चिरलं. आत पांढरं असायला हवं होतं. तपकिरी रेघ होती, मुळापासून वरपर्यंत.

"मर रोग," त्या म्हणाल्या. "मातीतून येतो. पावसाचं पाणी साचतं का तिथे?"

"दोन-दोन दिन." हे उत्तर आमच्या मागून आलं. नाना उभे होते. कधी आले, कळलं नाही. टोपी हातात होती. "ताई, वावर गयं का मंग?"

त्या मुलीने ब्लेड पुसून खिशात ठेवलं. "वावर कुठं जातंय, काका? ते मिरचीला नको म्हणतंय, एवढंच. तीन पिढ्या एकच पीक घेतलंत, कंटाळलं असेल. काळी जमीन आहे, ओल धरून ठेवते. आता मिरची काढून टाका आणि दादर पेरा. दोन-तीन वर्षं मिरचीचं, वांग्याचं, टोमॅटोचं नाव तिथे काढू नका. पाण्याला चर काढा. मग मिरचीचं बघू."

दादर म्हणजे आमच्या खानदेशातली रब्बीची ज्वारी. पाऊस सरताना पेरायची, जमिनीतल्या ओलीवर वाढते. जी ओल मिरचीच्या मुळावर उठली होती, तीच.

नानांनी कोपरीच्या खिशातून सकाळची चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. "हाई राहू द्या," म्हणाले. "हाई पयसनी शे."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "असे नमुने रोज येतात. सगळ्यांची पळसाखालचीच येते." आणि त्यांनी अक्कांच्या मातीसाठी नवी चिठ्ठी लिहिली. शेतकऱ्याच्या नावापुढे पेन थांबलं तेव्हा नाना म्हणाले, "तिन्हं नाव लिखा."

मातीचा नमुना कसा घ्यावा, हे या ब्लॉगवर मला अनेकांनी नंतर विचारलं, तर घ्या: बांध, झाड, उकिरडा आणि पाण्याची जागा सोडून, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची, एकत्र करायची, त्यातली अर्धा किलो न्यायची. झाडं मरत असतील तर मेलेल्या भागाची वेगळी, आणि मरायला लागलेलं एक झाड मुळासकट. डबा कोणताही चालतो. दशम्या मात्र आधी नीट दुसरीकडे भरा.

निघताना मोगीबाई गाडीपाशी आली. तिच्या हातात स्टीलचा गोल डबा, झाकणावर कोरलेलं: मोगीबाई, काठी. "तो म्हातारा उपाशी राहिला," ती म्हणाली. "त्याला दे."

"अहो, पण डबा..."

"मग दे. घाई नाही. खापर गावच्या बाजारात भाजी घेऊन बसते मी. विचारलं की सांगतात."

परतीच्या वाटेवर माती नव्हती. खिडकी मोकळी होती, आणि मी ती अक्कांना दिली. स्वतःहून, साक्षीदारांसमोर. पुढच्या सीटवर नानांनी मोगीबाईचा डबा उघडला आणि भाकरीचा एक घास हळूहळू चावला.

"दादर नही," ते म्हणाले. "पन गोड शे." तापीचा पूल आला तेव्हा त्यांनी उरलेली चतकोर मागे अक्कांकडे सरकवली.

रविवारी आम्ही नाशिकला परतलो. मोगीबाईचा डबा माझ्या पिशवीतून आला, तो मी घासला आणि ओट्यावरच्या फळीवर ठेवला. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे आईने शिकवलेलं. पण भाकरीच्या बदल्यात काय भरायचं? चिवडा भरावा तर तो दुकानातला. लाडू माझ्या हातचे, म्हणजे ज्याने आपलं भलं केलं त्याच्यावर सूड. डबा फळीवर राहिला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर सकाळी चहाच्या वेळी मी त्याच्याकडे बघायची आणि तो माझ्याकडे.

ऑक्टोबरात नानांनी मिरची उपटली. अक्का फोनवर म्हणाल्या, त्या दिवशी जेवले नाहीत. चर काढला, दादर पेरली. डिसेंबरात सुरतहून पुन्हा ठोक्याचा विषय निघाला, तेव्हा नाना म्हणे एवढंच बोलले: "वावर कोनले ठोक्यावर देवानं नही. आराम करी ऱ्हायनं ते."

मार्चमध्ये एका सकाळी माझा फोन वाजला. माझा, विलासचा नाही. पलीकडे नुसता श्वास. मग खाकरणं. मग:

"सुलभा."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मी उभी राहिले, आणि का उभी राहिले ते मला सांगता येणार नाही.

"जी, नाना."

"भटूभाऊना पपईना टेम्पो येई ऱ्हायना नाशिकले. त्यान्हामा दादर धाडेल शे. त्या वावरनी." थोडं थांबून: "भाकर येस ना तुले? नही तं अक्काले ईचार."

म्हणजे पहिलं थेट वाक्य टोमण्याचं. या घरात माझ्याबरोबर आणखी एक जीभ इतकी वर्षं गप्प बसली होती, याचा मला तेव्हा पत्ता लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजार समितीतून पोतं आणलं. डिक्की रिकामी होती. तरी मी ते मागच्या सीटवर खिडकीजवळ ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. विलासने आरशातून पाहिलं आणि गाडी सुरू केली.

त्या सहलीतलं काय उरलं, असं विचाराल तर फोटो फारसे नाहीत. प्लास्टिकच्या सूर्यफुलांपुढचा एक आहे, त्यात माझे डोळे मिटलेले. पण खोड उभं चिरणारी ती मुलगी आठवते, आणि नापास करतानाही तिने वावराला दिलेला मान. अक्का आठवतात, पदर खोचून रांगेत उभ्या. माझा निळ्या झाकणाचा डबा अजून त्यांच्याकडेच आहे. मागच्या वेळी पाहिला तेव्हा त्यात बी ठेवलं होतं. तो मी मागणार नाही.

पोतं आणलं त्याच संध्याकाळी आमच्या गावचे भटूभाऊ रिकामा टेम्पो घेऊन परत निघणार होते. विलास मला घरी सोडून ऑफिसला गेला होता. मी पोत्याची शिवण उसवली, स्टीलचा डबा पुसला आणि त्यात दादर भरली. काठापर्यंत भरली, मग डबा ओट्यावर आपटला, दाणे बसले, पुन्हा भरली. झाकण लावून वरून सुतळी बांधली, कोरलेलं नाव दिसेल अशी, आणि रिक्षाने बाजार समिती गाठली.

"खापरले परवा जानंच शे माले," भटूभाऊंनी डबा हातात तोलून पाहिला. "काय निरोप देऊ?"

"काही नको," मी म्हटलं. "नुसता द्या."